कडेची वाट

इंदूरहून पुतण्याचे पत्र आले ते दिवाळीनंतरच्या आठवड्यात. पत्र म्हणायचे आपले. हल्ली ती मोबाईलच्या पडद्यावर उमटतात आणि वाचून संपण्यापूर्वीच उत्तराची अपेक्षा करतात. मजकूर असा होता : ‘काका, वर्षअखेरीस चार दिवसांची रजा मिळते आहे. आमच्या मंडळातले मित्र सायकली घेऊन कोकणात निघाले आहेत, रत्नागिरीपासून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली. मला मात्र यंदा लेकीला घेऊन बिदरला यावेसे वाटते. सायकली आणूच. पण तिकडे सायकल चालवण्याजोगे डोंगर आहेत का?’

या शेवटच्या वाक्याने मला डिवचले. वास्तविक प्रश्न निरागस होता. ज्याने सह्याद्रीतले घाट पालथे घातले, त्याने बिदरकराला डोंगरांविषयी विचारावे यात वावगे काय? पण चौऱ्याहत्तर वर्षे ज्या मातीवर काढली तिच्यात पाहण्यासारखे काही आहे की नाही, असे घरच्याच मुलाने विचारले की मनुष्य आधी रागावतो आणि मग नकाशा काढतो. मी नकाशा काढला.

मुलगा माझ्या थोरल्या बंधूंचा. आम्ही बंधूंना अण्णा म्हणत असू. ते २०२३ साली इंदूरलाच वारले. बिदर सोडून त्यांना पन्नासहून अधिक वर्षे झाली होती, आणि त्या अवधीत ते येथे एकदाच आले : १९८६ साली, आईच्या दिवसांना. तेव्हाही बिदरच्या घरातून थेट स्टेशन गाठले. चार कोसांच्या आत असलेल्या आमच्या गावाकडे त्यांनी पाऊलही टाकले नाही. त्याचे कारण पुढे येईलच. येथे इतकेच सांगतो की पुतण्याला कोणता रस्ता दाखवावा हा प्रश्न माझ्यापुरता केवळ देखाव्याचा नव्हता.

आपल्या मासिकाचे पुष्कळसे वाचक आमचा हा मुलूख ओलांडून गेले असतील, पण थांबले असतील असे नाही. म्हणून थोडी ओळख करून देणे इष्ट. बिदर व कलबुर्गी हे कर्नाटकाचे ईशान्येकडील जिल्हे. कलबुर्गी हे गुलबर्ग्याचेच नाव. २०१४ पासून सरकारी कागदोपत्री ते रूढ झाले. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वी दोन्ही जिल्हे निजामाच्या जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखात मोडत. पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर महाराष्ट्राच्या बाजूला गेले, काही भाग आंध्रात गेला, आणि भालकी, औराद, हुमनाबाद यांसह बिदर म्हैसूर राज्यात आले. माणसे मात्र होती तेथेच राहिली. त्यामुळे आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी अशी व्यवस्था आहे, आणि तिन्ही भाषांत हिशेब चुकतो तो सारखाच.

डोंगर म्हणावेत असे डोंगर आमच्या भागात एकाच ठिकाणी आहेत, ते कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळीला. तेथे साग-चंदनाचे रान आहे, चंद्रमपल्लीचे धरण आहे, टेकड्यांच्या कुशीत पाणी साठलेले दिसते ते दृश्य खरोखर मन निवविणारे. साहजिकच माझी पहिली पसंती तिकडे गेली. पण ते रान २०११ साली अभयारण्य झाले. आत सायकलीने मनमुराद हिंडायचे तर वनखात्याची परवानगी आलीच. शिवाय बिदरहून तेथवर जाण्यात निम्मा दिवस मोडतो. चार दिवसांच्या रजेत दोन दिवस मोटारीत बसून काढायचे असतील तर सायकली इंदुरातच ठेवलेल्या बऱ्या.

दुसरा विचार कल्याणचा. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंचे दर्शन घ्यावे आणि तेथून बसवकल्याणला जावे. चालुक्यांची ही राजधानी. येथेच विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली आणि हिंदू वारसाकायद्याला शतकानुशतके पुरेल इतके काम करून ठेवले. बसवेश्वरांची कर्मभूमीही हीच. मनाला भरपूर खाद्य. पण हुमनाबादवरून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो आणि त्याच्यावर मालमोटारींची रांग कधी तुटत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला त्या वाऱ्याच्या झोतात सायकलीवर घालायला माझा जीव धजेना.

कलबुर्गीकडचा सपाट मुलूख मी फार रेंगाळत न बसता बाजूस सारला. शहाबादच्या खाणींचे मला कौतुक आहे. ज्या फरशीवर आपण सर्वांनी बालपणी सागरगोटे खेळले ती तिथली. गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर तर मी दर दोन वर्षांनी जातो. पण सायकलस्वाराला चढ हवा असतो, उतार हवा असतो, आणि पुढच्या वळणावर काय आहे हे आधी न कळण्याची गंमत हवी असते. तिकडे पुढचे गाव तासभर आधीपासून दिसू लागते.

उरले आमचे बिदर. खरे सांगायचे तर ते मी शेवटी ठेवले होते, त्यालाही कारण होते.

बिदर हे समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० फुटांवर, एका पठाराच्या कडेला वसले आहे. त्या पठाराच्या माथ्यावरचा दगड कोणता? तर जांभा! पुतण्याचे मित्र जो रत्नागिरीचा सडा तुडवायला निघाले होते त्याच जातीचा. कोकणातून येणारे पाहुणे आमच्या किल्ल्याच्या भिंती आणि खडकात खोदलेला तिपदरी खंदक पाहून हमखास थबकतात. ‘हा तर आमचाच चिरा’ असे म्हणतात. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रज सरकारच्या वैद्याने मलबारात हा दगड पाहिला. ओला असताना तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि उन्हावाऱ्यात टणक होतो, लोक त्याच्या विटा पाडतात, हे पाहून त्याने १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तांतात त्याला विटेवरूनच लॅटेराइट हे नाव दिले. किनाऱ्यापासून इतक्या आत, काळ्या बेसाल्टच्या राज्यात हा तांबडा दगड टोपीसारखा बसलेला आहे हे भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत उरकते. सायकलीवरून मात्र ते पायाला कळते.

कसे ते सांगतो. जांभा सच्छिद्र. पठारावर पडलेला पाऊस त्याच्यातून झिरपत खाली जातो आणि तळाच्या चिकण थराशी येऊन अडतो. पुढे वाट नाही म्हणून तो पठाराच्या कडेला, जेथे तांबडे संपून काळे सुरू होते त्या सांध्यावर, झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. आमच्याकडची देवस्थाने या सांध्याला धरून बसली आहेत. गुरू नानकांच्या नावाचा झिरा तोच, जेथे आज देशभरातून शीख यात्रेकरू येतात. पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे बिदरचे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. झरणी नरसिंहाला तर भुयारात छातीभर पाण्यातून चालत जाऊन दर्शन घ्यावे लागते. पापनाशचे शिवालय दरीत आहे, तेथेही झरा. बहामनी काळात लोकांनी याच पाण्याला जमिनीखालून वाट करून दिली. नौबादजवळ इराणी पद्धतीचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा भूमिगत कालवा आहे, त्याला गावकरी सुरंगबावी म्हणतात.

तेव्हा माझ्या मनाने असा कौल दिला की बिदरला देखावा उंचीत शोधू नये, कडेत शोधावा. येथे शिखर नाही, पण काठ आहे. माथ्यावर सपाट तांबडा माळ, कुसळी गवत, दगडी. आणि दोनशे पावले पुढे गेले की जमीन एकदम पायाखालून निघून जाते व खाली मांजरेच्या खोऱ्याची काळी शेते चौकटीचौकटींनी पसरलेली दिसतात. उंची मोजली तर घाटाच्या दोन वळणांइतकीही भरणार नाही. पण घाटात डोंगर आपल्यावर दडपण आणतो, येथे मोकळीक मिळते. हा माझा पक्षपात असेल, असो.

कार्तिकात मी शेजारच्या मुलाच्या मोटारसायकलीवर मागे बसून तीन सकाळी हिंडलो आणि वहीच्या पानावर पेन्सिलीने रस्ता आखला. मार्गशीर्ष-पौषात वारा पूर्वेचा असतो. म्हणून सकाळी ताज्या पायांनी पूर्वेकडे निघावे, परतताना वारा पाठीशी राहतो. पाऊस पडून आठ दिवस झाले नसतील तर काळ्या रानात सायकल घालू नये. तो चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा भरतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. अण्णा शाळेत असताना आषाढात मडगार्ड काढूनच ठेवीत आणि कॅरिअरला एक बांबूची चिपाटी बांधीत, चिखल खरवडायला. मुरमाची वाट मात्र पावसानंतरही घट्ट राहते, टायर धरते. काटा बाभळीचा आणि त्याहून वाईट वेड्या बाभळीचा. बांधावरून जाताना चाकाखाली पाहावे, देखावा थांबून पाहावा. पाणी दोन बाटल्या. सूर्य डोक्यावर येण्याच्या आत शेवटचा चढ पुरा झाला पाहिजे, कारण कडेच्या तोंडावर झाड नाही.

सर्व तयारी झाली. फक्त रस्त्याच्या मधोमध मी एक वळसा घातला होता.

दोघे २८ डिसेंबर २०२४ ला आले. सायकली खोक्यांत बंद, सुटी चाके वेगळी. जोडल्यावर अंगणात त्या दोन यंत्रांकडे पाहून मला आमच्या पडवीतल्या जुन्या काळ्या सायकलीची दया आली. यांचे टायर मनगटाएवढे जाड, त्यांवर बोटभर नक्षी, पुढच्या दांड्यांत दणके गिळणाऱ्या स्प्रिंगा, आणि गिअर किती हे मुलीने सांगितले ते मी विसरलो. नात इंदुरी मराठी बोलते, म्हणजे वाक्याला ‘ना’ लावते आणि आम्हांला ‘आजोबा’ म्हणताना त्यात थोडे साखरपाणी घालते. तिने पडवीतली सायकल पाहिली व विचारले, ‘ही चालते ना?’ मी म्हटले, ‘मी चालतो तोवर चालते.’ तिने लगेच चेनला तेल दिले.

रात्री जेवण झाल्यावर मी वही उघडली. सकाळी पूर्व बाजूने चौखंडीवरून अष्टूर. तेथून कडेखालच्या गाडीवाटेने उत्तरेकडे. मग डांबरी रस्त्याने लांब वळून औराद रस्त्याला लागायचे आणि तेथून वर किल्ल्याकडे. पुतण्या पाहत राहिला. मग त्याने वळशाच्या आतल्या मोकळ्या कागदावर बोट ठेवले.

‘काका, कडेखालून सरळ वाट आहे ना? मग हा एवढा वळसा का?’

‘रस्ता चांगला आहे म्हणून.’

‘बाबा शाळेत यायचे ती वाट याच मधल्या जागेतून वर येत असे ना?’

मी चष्मा पुसू लागलो. त्याला सगळे ठाऊक होते. मलाच ठाऊक नव्हते की त्याला ठाऊक आहे.

आता ते कारण सांगून टाकतो. आमच्या गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. कडेच्या पायथ्याशी आमची आठ एकर जमीन होती, झऱ्याच्या पाण्यावर भरणारी विहीर होती, विहिरीवर आंबा होता. १९७२-७३ चा दुष्काळ वाचकांपैकी ज्येष्ठांना आठवत असेल. ते लागोपाठचे दुसरे-तिसरे वाईट वर्ष होते. वडिलांच्या अंगावर देणे होते, जनावरे विकून झाली होती. अण्णा तेव्हा इंदुरात नोकरीला लागलेले. त्यांनी पत्र पाठविले, की काय वाटेल ते करा, महिना मी पैसे धाडतो, पण विहीर असलेला तुकडा विकू नका. आमची विहीर आटलेली नाही हे ध्यानात घ्या. मी तेवीस वर्षांचा, नुकती नोकरी लागण्याची आशा होती, मला शहरात घर हवे होते. मी वडिलांना म्हटले की अण्णा दूर बसून पत्रे लिहितात, भाव आज आहे तो उद्या असणार नाही. वडिलांनी माझे ऐकले. व्यवहार झाल्यावर अण्णांना कळविले. त्यांनी उत्तर पाठविले नाही. आज ज्या घरात मी हे लिहितो आहे ते त्याच पैशांतले.

विहीर अजूनही आटलेली नाही. हे मला त्याच कार्तिकात मोटारसायकलीवाल्या मुलाने सांगितले होते. मी खाली उतरलो नव्हतो.

पुतण्या म्हणाला, ‘कोकण सोडून मी आलो ते त्या वाटेसाठीच, काका. डोंगरांचे मी उगाच विचारले होते.’

मी खोडरबर घेतला आणि वळसा पुसला.

दुसरा दिवस विश्रांतीचा गेला; किल्ला, महमूद गवानचा मदरसा, बिदरी कारागिरांची गल्ली वगैरे. मदरसा १४७२ चा. औरंगजेबाच्या अमदानीत दारूगोळ्याचा स्फोट होऊन त्याचा एक भाग गेला, पण उरलेल्या मिनारावरच्या निळ्या-हिरव्या फरशा अजून सूर्य झेलतात. बिदरी भांडे काळे करायला किल्ल्यातली माती लागते हे ऐकून नातीने चिमूटभर माती कागदात बांधून घेतली. ती इंदूरला कशाला काळे करणार आहे कोण जाणे.

३० तारखेला सोमवार होता आणि वेळ अमावस्या. ज्यांना आमच्याकडचा हा सण ठाऊक नाही त्यांच्यासाठी : मार्गशीर्षातल्या अमावस्येला बिदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या पट्ट्यात गावेच्या गावे रानात जेवायला जातात. कन्नडात एळ्ळ अमावास्ये, आमच्या तोंडी येळवस. कडब्याची खोप करून आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, पूजा करतात, उभ्या पिकात आंबील शिंपडतात. जेवायला बाजरीचे उंडे, शेंगाच्या पोळ्या, गव्हाची खीर, आणि भज्जी. म्हणजे तळलेली भजी नव्हेत, तर त्या दिवशी रानात व बाजारात मिळेल ती प्रत्येक भाजी आणि ओले दाणे बेसनात एकत्र शिजवलेला एक दाट, आंबट प्रकार. घरी तो तसा लागत नाही. शहरात त्या दिवशी दुकाने ओस पडतात. मी तारीख अशी धरली नव्हती. रजाच तशी पडली होती.

पहाटे साडेसहाला निघालो. मी माझ्या काळ्या सायकलीवर, अष्टूरपर्यंतच येईन या बोलीवर. चौखंडीपाशी खलीलुल्लांच्या कबरीचे उघडे अष्टकोनी कडे पूर्वेच्या उजेडात काळे दिसत होते. तेथून उतार लागतो. थंडीने कान बधिर झाले होते. आकाशात हवाई दलाची विमाने अजून उठली नव्हती, त्यामुळे शांतता होती. एरवी बिदरच्या सकाळीवर त्यांचाच हक्क.

अष्टूरच्या घुमटांना मी अनेकदा गेलो आहे, पण सायकलीवरून, उताराच्या टोकाशी, शेतांच्या मागून ते एकेक वर येताना प्रथमच पाहिले. बहामनी सुलतानांच्या या कबरी. अहमदशहा वली, ज्याने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली, तो १४३६ साली येथे निजला. आतल्या छतावरचे रंग अद्याप विझलेले नाहीत. लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंचे रूप मानतात आणि होळीनंतरच्या उरुसाला कलबुर्गीकडच्या माडियाळहून जंगम येतात. मुसलमान त्याला वली म्हणतात. हुमायूनच्या कबरीचा घुमट १८८२ साली विजेने फुटला. अर्धा शिंपला उभा ठेवावा तसा तो दिसतो. नात म्हणाली, ‘आजोबा, हा बांधताना अर्धाच बांधला ना?’ लोकांनी त्या सुलतानाचे नाव जालीम ठेवले होते. ‘वीज पडली ती त्याच्यावरच पडली’ असे राखणदार तिला सांगत होता. इतिहासकार असे बोलत नाहीत, पण राखणदाराचे तिला पटले.

येथून मी परतायचे होते. परतलो नाही. कडेखालची वाट पायाला आठवत होती.

उजव्या हाताला काळी शेते, तूर पिवळटलेली, ज्वारी पोटऱ्यात आलेली, करडईला अजून फूल नाही. डाव्या हाताला तांबडी कड, तिच्या कपारीत शेरणी आणि सीताफळीची झुडपे. चाकाखाली एकदा मुरूम, एकदा काळी, पुन्हा मुरूम. आवाज बदलतो : मुरमावर कुरकुर, काळीवर काही नाही. नात पुढे जाऊन परत येई, पुन्हा पुढे जाई. मुलीला सरळ जाणे ठाऊकच नसावे. पुतण्या माझ्या शेजारी, सर्वांत हलक्या गिअरात, मुद्दाम हळू. एका बांधापाशी नातीच्या मागच्या चाकात काटा गेला. यांची नवी टायरे आतून खळीसारखे काहीतरी सोडून भोक आपोआप बुजवितात. मी पंक्चरची पेटी बांधून आणली होती, ती तशीच राहिली.

साडेनऊच्या सुमारास आंबा दिसला. फांद्या एका अंगाने वाळल्या आहेत, पण झाड तेच. विहिरीजवळ खोप होती आणि खोपीभोवती पंधरा-वीस माणसे. मी सायकलवरून उतरलो आणि सीटचा पट्टा ठीक करीत उभा राहिलो. पट्टा ठीकच होता.

ज्यांनी जमीन घेतली त्यांचा नातू आता पन्नाशीचा आहे. त्याने मला ओळखले नाही, का ओळखावे? त्याने फक्त तीन सायकली आणि तीन उपाशी माणसे पाहिली. ‘या की, बसा. येळवशीला रानातून उपाशी जात असतेत का कुणी?’ मी नाव सांगितले. तो क्षणभर थांबला, मग मागे वळून घरच्यांना कन्नडात काही बोलला, आणि त्याची वृद्ध आई उठून आली. तिने पदर सावरला आणि मला विचारले, ‘सायकलवाले थोरले कुठं हायत?’

लग्न होऊन ती या शेजारच्या वस्तीवर आली तेव्हा अण्णा सुटीत येत असत. त्यांना सायकल चढावर ढकलताना ती बघत असे. अण्णा गेल्याचे मी तिला सांगितले. तिने काही म्हटले नाही. पुतण्याच्या ताटात एक उंडा जास्त वाढला.

जेवताना जमिनीचा विषय निघाला नाही. मी काढण्याच्या बेतात होतो, दोनदा. एकदा आंबील आली, एकदा नातीला भज्जीतली कोणती भाजी कोणती ते हवे होते. पुतण्या विहिरीवर गेला, वाकून आत पाहिले, आणि दोघांच्या बाटल्या भरून घेतल्या. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, ‘बाबा म्हणायचे, पाण्याला तांबडी चव आहे. मला वाटे उगाच सांगतात.’ मी बाटली घेतली. चव होती. त्या क्षणी मी त्याला सांगितले, की विकायला वडिलांना मीच लावले. भाव पडेल ही सबब होती, मला घर हवे होते. हे मी एकावन्न वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. तो म्हणाला, ‘बाबांना ते माहीत होते. ते त्यावर चिडले नव्हते, काका. तुम्ही त्यांना आधी लिहिले नाही, त्यावर चिडले होते.’ एवढे बोलून तो चाकातली हवा पाहू लागला.

निघताना म्हातारीने फडक्यात शेंगाच्या पोळ्या बांधून दिल्या. त्या अण्णांच्या काळ्या सायकलीच्या कॅरिअरवर बसल्या. होय, पडवीतली सायकल त्यांचीच. इंदूरला जाताना सोडून गेले ते गेलेच. त्याच कॅरिअरवर आठ-नऊ वर्षांचा मी बसत असे, आणि अण्णा, पाय पुरत नसल्याने पूर्वी नळीखालून पाय घालून आणि मग सीटवरून, रोज सकाळी मला बिदरच्या शाळेत आणीत.

चढ सुरू होतो तो पांदीतून. आधी काळी, मग खडे, मग एका ओहोळावर ओलसर चिकण, जेथे झरा झिरपतो, आणि तेथून वर तांबडे ते तांबडे. शेवटचा टप्पा इतका उभा की अण्णा दर दिवशी त्याच एका दगडाशी उतरत आणि मलाही उतरवीत. दगड आहे. नात न उतरता चढून गेली. तिच्या टायरांनी मुरूम उडवीत, उभी राहून पायडल मारीत ती माथ्यावर नाहीशी झाली. पुतण्याच्या सायकलीलाही तो चढ काही अवघड नव्हता. तो दगडाशी उतरला आणि माझी सायकल हातात घेतली. त्याची मी घेतली. ती इतकी हलकी होती की ढकलावी लागली नाही, नुसती बरोबर न्यायची.

वर आलो. वारा पाठीवर होता. खाली मांजरेच्या बाजूला धुके विरले होते आणि रानारानांतून खोपींचे धूर उठत होते. किती म्हणून मोजावेत! नात कडेच्या दगडावर पोळी खात बसली होती. मनगटावरचे यंत्र पाहून तिने सांगितले, की पायथ्यापासून माथ्यापर्यंत तिला नऊ मिनिटे लागली.

‘आजोबांना किती लागायची ना?’

मी म्हटले, ‘घड्याळ नव्हते. दगडाशी असताना शाळेची घंटा ऐकू आली, तर उशीर झाला, एवढे कळायचे.’